बॅटरीचं पाणी

श्रीवर्धन तालुक्याच्या किनाऱ्यावरच्या एका गावाची ही गोष्ट. गावाचं नाव घ्यायची गरज नाही. मुरुडपासून दापोलीपर्यंत अशी गावं ओळीने वसलेली आहेत. खाली पुळण, पुळणीला लागून कोळीवाडा, मग सुपारी-नारळाच्या वाड्या, वाड्यांतून कौलारू घरं आणि पाठीशी जांभ्या दगडाचा सडा. गोष्टीतली माणसं कल्पनेतली आहेत. वादळ मात्र खरं आहे, तारखा खऱ्या आहेत, आणि त्या दिवसांत त्या पट्ट्यात वीज आणि फोन दोन्ही गेले होते हेही खरं आहे.

गावात एके काळी टेलिफोन एक्स्चेंज होतं. ग्रामपंचायतीच्या मागे दोन खोल्यांची इमारत. पुढच्या खोलीत कपाटाएवढं यंत्र, मागच्या खोलीत बॅटऱ्या. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेने खेड्यांसाठी मुद्दाम बनवलेलं, १२८ पोर्टचं ते यंत्र होतं. परदेशी यंत्रांना वातानुकूलित खोली लागायची. आपल्या इंजिनिअरांनी आराखडा काढतानाच मनाशी धरलं होतं की खेड्यात एसी नसणार, धूळ असणार, उकाडा असणार आणि लाइट जाणार. लाइट जाणारच असं धरून बनवलेलं यंत्र! मला त्या विचाराचं आजही फार मोल वाटतं.

त्या यंत्राची देखभाल अण्णांकडे होती. खात्यात ते फोन मेकॅनिक म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मागच्या खोलीत लाकडी मांडणीवर दोन-दोन व्होल्टचे चोवीस सेल एकापुढे एक जोडलेले होते. मिळून अठ्ठेचाळीस व्होल्ट. हाच करंट तांब्याच्या तारेतून घरोघरच्या फोनपर्यंत जायचा. त्यामुळे गावात लाइट असो वा नसो, रिसीव्हर उचलला की कानात टोन यायचा. घरातल्या फोनला घरातली वीज लागतच नव्हती. लोकांना वाटे, फोनचा आणि लाइटचा एकमेकांशी काही संबंध नाही. संबंध होता, आणि तो त्या मागच्या खोलीत होता.

दर सोमवारी सकाळी अण्णा ती खोली उघडत. आधी दोन्ही खिडक्या, मग दिवा. बॅटरी चार्ज होताना निघणारा वायू कोंडलेला असतो, ठिणगी उडू नये म्हणून हा क्रम. मग एकेका सेलचं झाकण काढून आतल्या पाण्याची पातळी बघायची, कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटर घालायचं, काचेचा हायड्रोमीटर बुडवून आकडा वाचायचा. आकडा बाराशेच्या आसपास असला की सेल ठणठणीत. टर्मिनलवर धरलेली पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुवायची, व्हॅसलिन लावायचं, आणि चोवीसच्या चोवीस आकडे वहीत उतरवायचे. या कामाला तास-दीड तास लागे. ते करताना अण्णांना कुणी पाहिलेलं नव्हतं, कारण पाहण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

मुलगा एकदा त्यांना म्हणाला, “बाबा, आकडा दर आठवड्याला तोच येतो. मग लिहिता कशाला?”

अण्णा म्हणाले, “ज्या दिवशी वेगळा येईल त्या दिवशी कळायला हवं ना, की तो वेगळा आहे.”

मोबाइल आले तसे लोकांनी लँडलाइन परत केले. शेवटी एक्स्चेंजवर बोटांवर मोजण्याएवढी कनेक्शनं उरली आणि ते बंद झालं. बॅटऱ्या भंगारात गेल्या. सड्यावर मोबाइलचा टॉवर उभा राहिला होताच. त्याच्या पायथ्याशी कुंपणात एक बॅटरीची पेटी आणि एक डिझेलचा जनरेटर. कुंपणाची किल्ली कुणाकडे असते, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. डिझेल घेऊन कधीतरी एक गाडी यायची, एवढंच लोकांनी पाहिलेलं.

२०१८ च्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत अण्णा उभे राहिले. त्यांनी तीन गोष्टी मागितल्या. टॉवरची बॅटरी लाइट गेल्यावर किती तास चालते, ते ग्रामपंचायतीने कंपनीला लेखी विचारावं. दर चैत्रात बोर्डाच्या वायरमनला सोबत घेऊन लाइनीवर आलेल्या फांद्या गावाने छाटाव्यात. आणि पंचायतीच्या कपाटात एक चांगली बॅटरी, छपरावर एक छोटं सौर पॅनल आणि परवाना काढून एक वायरलेस सेट ठेवावा.

सभेत कुणी वाईट बोललं नाही. अण्णांना गावात मान होता. पण पुढच्या बाकावरचा एक पदवीधर मुलगा उठून म्हणाला, “अण्णा, आता प्रत्येकाच्या खिशात एक्स्चेंज आहे. वायरलेस कशाला?”

“खिशात आहे तो फोन,” अण्णा म्हणाले. “एक्स्चेंज सड्यावर आहे. आणि त्याला जेवायला कोण घालतं, हे आपल्याला माहीत नाही.”

लोक हसले. हसण्यात दुष्टावा नव्हता. सर्वांत मोठ्याने हसला तो बाळूदादा, ज्याच्या ओटीवर पूर्वी गावचा पीसीओ होता. पिवळी पाटी, लाकडी खोका, बाहेर बाकडं. भरती-ओहोटीसारखी त्या बाकड्यावर माणसं यायची-जायची. मुंबईहून येणाऱ्या फोनचा निरोप तो स्वतः वाडीवाडीत जाऊन द्यायचा. तो म्हणाला, “अण्णा, तुमचं आणि माझं दुकान एकदमच बंद झालं. आता सोडा ते.”

त्या वर्षी निधी खर्ची पडला तो वेशीवरच्या कमानीवर आणि चौकातल्या हायमास्ट दिव्यावर. सरपंचांना मी दोष देणार नाही. कमानीसाठी मुंबईकर मंडळींनी देणगी दिली होती, आणि चौकात उजेड हवा ही बायकांची जुनी मागणी होती. दोन्ही कामं डोळ्यांना दिसणारी. जे बिघडत नाही तोवर दिसतच नाही, त्यासाठी पैसे मागणाऱ्या माणसाची बाजू कुठल्याही सभेत लंगडीच पडते. ही आपल्या सगळ्यांची खोड आहे, एकट्या त्या गावाची नाही.

२०२० चा जून आला. करोनामुळे मुंबईचे चाकरमानी गावात परतलेले. त्यांतले बरेच जण शाळेत विलगीकरणात. २ तारखेला, मंगळवारी, हवामान खात्याचा इशारा घरोघर पोचला होता. दुसऱ्या दिवशी चक्रीवादळ अलिबागच्या आसपास किनारा ओलांडणार होतं. त्याचं नाव निसर्ग. अण्णा काठी टेकत घराघरांतून फिरले. मोबाइल चार्ज करा, कंदिलात रॉकेल घाला, पाणी भरून ठेवा. या वेळी लोकांनी ऐकलं. रात्री झोपताना गावातला प्रत्येक फोन शंभर टक्के भरलेला होता.

कोळीवाड्यात काशिनाथ तांडेलाने बोट खाडीत आत, तिवरांच्या आडोशाला नेऊन दोन नांगरांवर बांधली. तो परत निघाला तशी त्याची आई म्हणाली, “बॅटरी काढलीस का?”

“काढतो उद्या सकाळी.”

“आत्ता काढ. न्‌ तो बोलायचा सेटपन काढ. तुझा बाप कधी बॅटरी बोटीत ठेवून झोपला नाय.”

काशिनाथ पुन्हा होडीतून गेला. जड बॅटरी, व्हीएचएफ सेट आणि काठीसारखा अँटेना असं सगळं खांद्यावरून घरी आणलं. रात्री लाइट होती तोवर बॅटरी चार्जरला लावली, टर्मिनल पुसली, पाण्याची पातळी बघितली. हे सगळं तो दर हंगामात करायचा, कारण समुद्रात बॅटरी उतरली तर इंजिनही सुरू होत नाही आणि हाकही जात नाही.

३ जूनला, बुधवारी, भर दुपारी वादळ किनाऱ्यावर चढलं. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा त्या पट्ट्याने तासन्‌तास सोसला. सुपारीची झाडं काड्यांसारखी मोडली. श्रीवर्धनची रोठा सुपारी ज्या वाड्यांतून येते, त्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. सुपारीचं झाड फळाला यायला पाच-सहा वर्षं तरी लागतात, तेव्हा त्या एका दुपारीने किती वर्षं नेली याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. घरांची कौलं उडाली, पत्रे शेजारच्या वाडीत जाऊन पडले. विजेचे सिमेंटचे खांब मधोमध मोडले, लोखंडी वाकले, डीपी खांबासकट जमिनीवर आली. लाइट तर सकाळीच गेली होती.

टॉवर पडला नाही. तो सड्यावर उभाच होता. दुपारभर त्याच्या बॅटरीवर फोन तुटक-तुटक लागत राहिले. संध्याकाळी फोनमधल्या रेंजच्या रेघा एकेक करून गेल्या आणि मग कुणाच्याच फोनवर काही उरलं नाही. डिझेलची गाडी येणार कुठून? घाटापासून गावापर्यंत रस्त्यावर झाडंच झाडं. आणि समजा गावच्या टॉवरला डिझेल मिळालं असतं, तरी त्याने पुढे बोलायचं ते दुसऱ्या डोंगरावरच्या टॉवरशी, त्याने तिसऱ्याशी. साखळीतली एक कडी झोपली की पुढचं सगळं मुकं. गावात शे-दीडशे फोन पूर्ण चार्ज केलेले होते आणि त्यातून एक शब्दही बाहेर जात नव्हता.

त्याच दुपारी बाळूदादाच्या घराचं आढं खाली आलं. तो खाली सापडला. पोरांनी वासे उचलून त्याला बाहेर काढलं तेव्हा तो शुद्धीवर होता, छातीत दुखतंय म्हणत होता, पाणी मागत होता. १०८ ला फोन लावायला दहा हात पुढे झाले. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिकेची सेवा २०१४ पासून आहे. गावातल्या पोरासोरांनाही तो नंबर पाठ आहे. कुणाचाच लागला नाही. पोरं सड्यावर चढली, टॉवरच्या कुंपणाला टेकून हात वर करून फोन धरले. रात्रीच दोघे जण कोयते घेऊन चालत तालुक्याकडे निघाले. तुटलेल्या तारांमध्ये वीज आहे की नाही ते कळायला मार्ग नव्हता, म्हणून प्रत्येक तारेला वळसा घालत त्यांना जावं लागलं. ते वाटेतच होते तेव्हा, गुरुवारी सकाळी, बाळूदादा गेला.

फोन लागला असता तर तो वाचला असता का? सांगता येणार नाही. रस्ता तरीही बंदच होता. पण त्या रात्री त्याच्या उशाशी बसलेल्या माणसांना निदान एवढं कळलं असतं की कुणीतरी निघालं आहे. निदान एखाद्या डॉक्टरने सांगितलं असतं, त्याला कसं निजवा, काय देऊ नका. माणूस संकटात असतो तेव्हा समोरून आलेला आवाज हाही उपचाराचा भाग असतो, असं मी मानतो.

गुरुवारी संध्याकाळी दुसरी हाक आली. शाळेतल्या विलगीकरणातल्या एका कुटुंबाचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा पडलेली कौलं उचलायला लागला आणि कौलाखालच्या विंचवाने त्याच्या बोटाला डंख मारला. तांबडा विंचू. कोकणात हा काय करतो ते जुन्या लोकांना माहीत आहे. अर्ध्या तासात मुलगा घामाने निथळला, उलटी झाली, हातपाय बर्फासारखे गार पडले. उपकेंद्राच्या नर्सबाई धावत आल्या, नाडी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला.

त्या म्हणाल्या, “याला प्राझोसिन पाहिजे. लगेच. माझ्या पेटीतलं सगळं छपराबरोबर भिजून गेलं.”

प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. विंचूदंशावर तिचा उपयोग होतो हे जगाला दाखवून दिलं ते याच जिल्ह्यातल्या डॉक्टरने. डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत असताना विंचवाने दगावणारी मुलं बघून अस्वस्थ झाले, विषाने हृदयावर काय होतं याची टिपणं रुग्णाच्या उशाशी बसून काढत राहिले, आणि त्यांचं काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. त्या गोळीने हजारो पोरं वाचली आहेत. त्या संध्याकाळी गोळी होती, ती देऊ शकणारा डॉक्टर होता, गाडीही असेल. त्यांना हे पोर इथे आहे एवढंच कळवायचं बाकी होतं.

चालत माणूस पाठवायला पाच-सहा तास गेले असते, आणि तांबड्या विंचवाने डसलेल्या मुलाला तेवढी उसंत नसते. फुप्फुसात पाणी भरलं की संपलं.

अण्णा पडवीत बसले होते. त्यांना वायरलेसचा सेट आठवला, पण पंचायतीच्या कपाटातला नाही. तो तर कधी आलाच नव्हता. ते उठून तसेच कोळीवाड्यात गेले.

“काशिनाथ, तुझा सेट कुठे आहे?”

“घरात हाय. पण अण्णा, तो बोटीचा सेट. बंदरापर्यंत आवाज जात नाय इथनं. मधे टेकाड हाय.”

“जमिनीवरून जाणार नाही. सड्यावरून जाईल. या लहरींना उंची लागते, बाकी काही नाही. बॅटरीत किती आहे?”

“फुल हाय. आईने...” काशिनाथ पुढचं बोलला नाही.

चौघांनी बॅटरी उचलली. ती किती जड असते ते जांभ्याच्या वाटेने चढवताना कळतं. अण्णांना दोन पोरांनी जवळजवळ उचलूनच वर नेलं. टॉवरच्या कुंपणाच्या खांबाला एक लांब बांबू बांधला, बांबूच्या टोकाला अँटेना. अण्णांनी स्वतः टर्मिनल घासली, लाल-काळ्या तारा लावल्या. आतला दिवा लागला. पौर्णिमा एका दिवसावर होती. ढगांतूनही थोडा उजेड होता.

काशिनाथने चॅनेल सोळावर हाक दिली. समुद्रावर संकटात हाक मारायचं ते चॅनेल, प्रत्येक तांडेलाला ठाऊक. पहिल्या हाकेला नुसती खरखर. दुसऱ्या हाकेला खरखर. अण्णा म्हणाले, “घाई करू नकोस. बोल, थांब, ऐक. समोरच्यालाही बटण दाबायला वेळ लागतो.”

कितव्या तरी हाकेला खाडीपलीकडच्या बंदरातून एका बोटीने उत्तर दिलं. त्या तांडेलाचे दोन भाऊ वादळाआधी आसऱ्याला दुसऱ्या खाडीत शिरले होते, त्यांचा पत्ता लागावा म्हणून त्याने सेट चालू ठेवला होता. त्याने निरोप ऐकला, जसाच्या तसा परत म्हणून दाखवला, आणि मुलाला पळवत पोलीस ठाण्यावर पाठवलं. ठाण्यातला वायरलेस स्वतःच्या बॅटरीवर चालू होता. तिथून निरोप आरोग्य केंद्राला, तिथून १०८ ला. काही वेळाने तोच तांडेल परत हवेत आला.

“ऐका. गाडी पुलापर्यंत येते. पुलाच्या तुमच्या बाजूला रस्ता मोडलाय, तिथून पुढे नाय येत. पोराला पुलापर्यंत आणा. डाक्टर गाडीत हाय. पोराला बसतं ठेवा, आडवं निजवू नका, असं डाक्टर सांगतो. ओवर.”

ही माहिती सोन्याच्या मोलाची होती. गावाला तोवर माहीतच नव्हतं की तालुक्याकडून पुलापर्यंतचा रस्ता मोकळा झाला आहे. गावाला वाटत होतं सगळंच बंद आहे. तालुक्याला वाटत होतं पुलापलीकडे सगळे ठीक असतील, नाहीतर कुणीतरी कळवलं असतं.

खुर्चीला बांबू बांधून डोली केली. विलगीकरणातल्या घरचं पोर आहे, हे त्या वेळी कुणी मनात आणलं नाही. तोंडाला फडकी बांधून आळीपाळीने खांदा देत, पडलेल्या झाडांवरून चढत-उतरत माणसं पुलावर पोचली. गाडी उभी होती. डॉक्टरने तिथेच गोळी दिली, ऑक्सिजन लावला. मुलगा वाचला. काही दिवसांनी तो आपल्या पायांनी गावात परत आला आणि सगळ्यांत आधी काशिनाथच्या आईच्या पाया पडला. त्याला तसं कुणी सांगितलं होतं, का त्यालाच सुचलं, माहीत नाही.

लाइट यायला महिना उलटून गेला. बोर्डाचे लोक बाहेरच्या जिल्ह्यांतून आले होते, पावसात चिखलात उभे राहून खांब पुरत होते. गावातल्या बायकांनी त्यांना रोज भाकऱ्या करून घातल्या. त्या काळात देवळाच्या आवारात अंतर राखून गाव बसलं. सरपंच म्हणाले, “अण्णा, दोन वर्षांपूर्वी तुम्ही जे मागितलं होतंत ते परत सांगा.”

अण्णांनी तेच तीन मुद्दे परत मांडले. एक चौथा घातला : जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहा, आणि तो नसेल तेव्हा कोण, तेही लिहा. ते म्हणाले, “बॅटरी विकत घेणं सोपं आहे. घेतलेल्या बॅटरीला आठवड्याने पाणी घालायला माणूस मिळत नाही. काशिनाथच्या आईला विचारा.”

म्हातारी मागे बसली होती. ती एवढंच म्हणाली, “मी काय केलं? रोजचं तेच केलं.”

गावाने पंचायतीच्या छपरावर सौर पॅनल बसवलं. टॉवरच्या कंपनीला पत्र गेलं, आठवण गेली, दुसरी आठवण गेली, शेवटी उत्तर आलं, आणि कुंपणाच्या किल्लीची एक प्रत पंचायतीत आली. पॉलिटेक्निकला शिकणारी गावातली एक मुलगी हॅम रेडिओची परीक्षा देऊन परवाना घेऊन आली. हौशी रेडिओवाल्यांची ही परंपरा आपल्या देशात मोठी आहे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत भारती प्रसाद यांनी पोर्ट ब्लेअरहून हॅम रेडिओवर निरोप पोचवले होते, कारण बेटांवरचे फोन गेले होते. त्या मुलीचा सेट आता पंचायतीच्या कपाटात आहे. शेजारी अण्णांचा जुना हायड्रोमीटर आणि नवी वही. दर सोमवारी आकडा लिहिला जातो. ग्रामसभेत इतिवृत्ताच्या आधी ती वही वाचून दाखवायची, असा ठराव आहे. एका सोमवारची नोंद राहिली होती, तेव्हा सभेत त्यावर अर्धा तास बोलणं झालं. मला ती सभा त्या गावाची सर्वांत चांगली सभा वाटते.

पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून वर गेलं. पुन्हा लाइट गेली. टॉवर या वेळी जास्त वेळ टिकला, मग तोही गेला. पंचायतीतून तालुक्याशी दर दोन तासांनी बोलणं चालू राहिलं. सांगण्यासारखं विशेष काही नव्हतं : सगळे सुखरूप, दोन घरांचे पत्रे गेले, एका गरोदर बाईला आधीच तालुक्याला हलवलंय.

आणि त्याच वर्षी २२ जुलैला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्या दिवशी महाड शहरच पुराखाली होतं, रस्ते पाण्यात होते, आणि बचावपथक गावात पोचायला दुसरा दिवस उजाडला. ती बातमी कळली त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत.

वाचकहो, आता तुमच्या हातात चांगले फोन आहेत. ११२ हा एकच नंबर पोलीस, आग आणि रुग्णवाहिका तिन्हींसाठी आहे. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ आहे. घरातला फोन तांब्याच्या तारेवरून फायबरवर आला असेल, तर ध्यानात ठेवा, भिंतीवरची ती छोटी पेटी तुमच्या घरच्या विजेवर चालते. लाइट गेली की तीही गेली. हे नंबर पाठ करा, पण तेवढ्यावर थांबू नका. पुढच्या ग्रामसभेला, सोसायटीच्या बैठकीला, वॉर्डाच्या सभेला उभे राहा आणि विचारा : आपल्या टॉवरची बॅटरी किती तास चालते? डिझेल कोण आणतं, आणि रस्ता बंद झाला तर कुठून आणणार? दवाखान्याच्या जनरेटरला शेवटचा कधी चालू करून पाहिलं? बॅटरीचं पाणी कोण बघतं, त्याचं नाव काय? उत्तर मिळालं नाही तर पुढच्या सभेत परत विचारा. पावसाळ्याच्या आधी विचारा.